मोहाच्या झाडावरचे दोर

"दोराचा पीळ सैल करून आतले पेड डोळ्यांनी नीट पाहावेत," मारोतीने वाचले आणि पुस्तिकेतून मान वर काढली. "खेमाभाऊ, डोळ्यानं पाहा म्हणते पुस्तक. तुम्ही तं डोळे मिटून बसले."

"मिटले म्हणून तं दिसून राह्यलं बे."

डेपोच्या छपरीत सागाच्या ओंडक्यावर खेमसिंग बसला होता. दोर उजव्या हातातून यायचा, डाव्या हातातून जायचा. मध्ये अंगठा. अंगठा अडला की दोर थांबायचा. मग खेमसिंग तिथला पीळ उलटा फिरवायचा, पेड उकलायचा आणि आत नाक घालून वास घ्यायचा. जिवंत दोराला आतून वाळल्या गवताचा वास येतो. मरू लागलेल्या दोराला ओल धरलेल्या भिंतीचा.

"वासाचं लिवलं हाय काय त्यात?"

"नाई."

"मंग अर्धंच पुस्तक हाय ते. वाच पुढं."

"दोरावर एका वेळी पाच क्विंटलांहून अधिक भार देऊ नये."

"क्विंटल म्हणजे?"

"नवीन माप हाय. मण गेला आता."

"कुठं गेला?"

"दिल्लीले गेला असन," मारोती म्हणाला आणि दोघेही हसले.

हा डेपो फुलसावंगीच्या अलीकडे, रस्त्याला लागून होता. जंगलातून सागाचे ओंडके इथे येत, त्यांच्यावर नंबर पडत आणि ते ट्रकवर चढत. रस्त्याच्या कडेची, घरांवर झुकलेली मोठी झाडे छाटण्याचे कामही डेपोकडेच होते. त्यासाठी लागणारे दोर, साखळ्या, कप्प्या आणि आकडे बावीस वर्षे खेमसिंगच्या हाताखाली होते. लोक त्याला दोरवाला म्हणत. महाराष्ट्र होऊन दोन वर्षे झाली तेव्हा डेपोचे साहेब रामराव यांनी नियमांची पुस्तिका मराठीत छापून घेतली आणि तिच्यात दोरवाल्याचे नाव 'सक्षम तपासनीस' असे पडले. सक्षम तपासनिसाला वाचता येत नव्हते. मारोतीला येत होते. छप्पनच्या दीक्षेनंतर त्याच्या वस्तीत मोठ्या माणसांची शाळा भरू लागली होती, आणि दिवसभर झाडांवर चढणारा हा माणूस दिवेलागणीला पाटी घेऊन बसला होता. वस्तीतून डेपोत कायम झालेला तो पहिला. झाडावर मारोती, झाडाखाली खेमसिंगने तपासलेला दोर. सहा वर्षांत त्यांनी एकमेकांना कधी 'जपून' असे म्हटले नव्हते.

कलम पाच. तपासलेल्या साधनावर ओळखीची खूण असावी.

ही खूण पुस्तिकेच्या आधीपासून होती. तांड्यात खेमसिंगची बायको रुपीबाई आपल्या घागऱ्यावर भरतकाम करायची. त्यातला उरलेला लाल धागा ती एका डबीत ठेवायची. दोर पास झाला की खेमसिंग त्याच्या टोकाशी, पेडांच्या मधून, तो धागा ओवून गाठ मारायचा. नवा पोरगा असो की जुना ट्रकवाला, धागा दिसला की कोणी विचारत नसे.

"तुह्या बायकोनं सारा डेपो शिवून ठेवला," मुकादम देवीलाल म्हणायचा. तो नागपूरकडून नवाच आला होता. धागा काय ते त्याला पहिल्याच दिवशी सांगितले गेले. बाकीचे कोणी सांगितले नाही, कारण बाकीचे कोणालाच माहीत नव्हते.

कलम नऊ. मारोतीने ते एकदा वाचले. खेमसिंग म्हणाला, "परत वाच."

"निकामी ठरलेला दोर त्याच दिवशी कोयत्याने हात-हात लांबीचे तुकडे करून जाळावा. तो पुन्हा कोणाच्या हाती लागता कामा नये."

छपरीवर उन्हाने पत्रा तडतडला.

"करता न तुम्ही असंच?"

"मंग."

"म्हणजे वहीत 'कापला' लिवू?"

"लिव."

मारोतीने लिहिले. खेमसिंगने अंगठा शाईत बुडवून खाली उमटवला. त्या दिवशी तो पहिला. नंतर दहा वेळा असेच झाले. प्रत्येक वेळी मारोती सुवाच्य अक्षरात 'कापला' लिहायचा, शाईवर फुंकर घालायचा आणि म्हणायचा, "पाहा खेमाभाऊ, 'प' कसा निंगाला." खेमसिंग पाहायचा. त्याला तो 'प' आकड्यासारखा दिसायचा, ज्याला काहीतरी लटकायचे आहे.

डेपोच्या मागे नाला. नाल्याच्या पलीकडे दरड उतरून गेले की एक मोहाचे झाड. दुरून दिसत नाही, जवळ गेले तरी आधी वास येतो. चैत्रात त्याखाली पांढरी-पिवळी फुले पडत, आणि ती फुले वेचायला येणाऱ्या बाया पहाटेच येऊन जात. दुपारी तिथे कोणी नसे. दुपारी तिथे अकरा दोर असत.

ते फांद्यांवरून सोडलेले होते. कोणी सरळ, कोणी वेटोळ्यात. वारा नसला तरी ते जरासे हलत.

खेमसिंगच्या आज्याने बंजाऱ्यांची लदेणी पाहिली होती. शेकडो बैल, पाठीवर मीठ, धान्य, आणि बायकांच्या पायांतल्या कड्यांचा आवाज. पुढे रेल्वे आली, ट्रक आले, बैल विकले गेले, तांडा एका जागी बसला. आज्याजवळ उरले ते दोर. तो म्हणायचा, ज्याने भार वाहिला त्याच्यावर पाते चालवायचे नाही. बैल म्हातारा झाला तर त्याला कसायाकडे देतो काय? दोर म्हातारा झाला तर झाडाला द्यायचा. ऊन खाऊ दे, पाऊस पिऊ दे, आपला आपण मोकळा होऊ दे. तांड्यात दुसरे कोणी हे पाळत नव्हते. आज्याचे ते एक वेड होते, आणि वेडही घरातल्या भांड्यासारखे एकाकडून दुसऱ्याकडे येते.

दुपारच्या सुट्टीत खेमसिंग मोहाखाली आडवा व्हायचा. डोळे अर्धे मिटले की दोर चालू लागायचे. पहिला जायचा, त्यामागे दुसरा. त्यांच्या पाठीवर गोण्या असायच्या, आणि त्याने कधी न पाहिलेल्या वाटेने ते पैनगंगेच्या उताराकडे जायचे. धूळ उडायची, पण नाकात जायची नाही. कोणी तरी पुढे गात असायचे, शब्द ओळखू यायचे नाहीत. तो उठायचा तेव्हा अंगावर मोहाची दोन-चार फुले पडलेली असत आणि दोर आपापल्या जागी.

प्रत्येकाच्या टोकाला लाल धागा होता. खेमसिंगने तो काढला नव्हता. एकदा काढायला हात गेला होता. पण म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ कोणी उतरवून घेते काय? झाडावर आहे म्हणजे काम संपले, एवढे पुरे होते. एवढे कोणालाही कळले असते.

पुढचे खेमसिंगने पाहिले नाही. तो त्या दिवशी महागावला गेला होता. साखळीच्या आकड्याचे तोंड उघडे पडले होते, ते लोहाराकडून पुन्हा वळवून आणायचे होते. म्हणून हे जसे त्याला मिळाले तसे, तुकड्यांनी.

डेपोसमोर, रस्त्याच्या पलीकडे, दवाखान्याची कौलारू इमारत. तिच्यावर झुकलेली चिंच. छाटायची होती.

मारोती सकाळीच चढला. फांदीला दोर बांधला, कप्पीतून खाली सोडला, खाली चार माणसे धरून. फांदी कापत आणायची, मग हळूहळू उतरवायची. रोजचे काम.

फांदी अर्धी कापल्यावर वळली. आत पोकळ होती. कौलांच्या दिशेने कलू लागली. आत दवाखान्यात एक बाळंतीण होती.

मारोती वरून ओरडला, "आणखी एक दोर पाठवा! ताण द्या लागते मागून! लवकर!"

दुसरा दोर सकाळच्या ट्रकबरोबर जंगलात गेला होता. छपरी रिकामी होती.

देवीलाल धावला. आदल्या दिवशी तो नाल्याकडे गेला होता आणि त्याने मोहाखाली अकरा दोर पाहिले होते. सावलीत, नीट टांगलेले. दोरवाला इथे सुकवत असेल, असे त्याला वाटले होते. त्याने हाताला आला तो ओढला. आणला. वर फेकायच्या दोरीला बांधला.

मारोतीने वरून विचारले. हे चौघांनी ऐकले, चौघांनी वेगवेगळे सांगितले, पण शब्द तेच.

"खेमाभाऊचा धागा हाय काय त्याले?"

"हाय! लाल हाय!"

"मंग येऊ दे."

खेमसिंग परतला तेव्हा चिंचेखाली कौलांचा ढीग होता. बाळंतीण आणि तिचे मूल समोरच्या ओट्यावर सुखरूप बसलेले. मारोतीला ट्रकमधून यवतमाळला नेले होते. दोर तुटला, फांदीचा बुंधा मागे फिरला आणि त्याने मारोतीला बेचक्यातून उडवले, असे लोक सांगत होते. जगेल म्हणतात. कमरेखाली काही सांगता येत नाही.

कोणी तरी तुटलेला दोर त्याच्यापुढे टाकला. खेमसिंगने तो हातात घेतला. डोळे मिटले. उजव्या हातातून डाव्या हातात. अंगठा अडला. त्याला पीळ उलटा फिरवायची गरज नव्हती, तिथे पीळच उरला नव्हता. वास ओलीचा.

त्याने टोक शोधले. धागा होता. रंग जराही उडाला नव्हता. रुपीबाईचा रंग पक्का असायचा.

"कांयी वेगो?" रुपीबाईने दारातच विचारले. काय झाले, असे ती तांड्याच्या बोलीत विचारे तेव्हा उत्तर तिला आधीच चेहऱ्यावरून मिळालेले असे.

खेमसिंग भिंतीला पाठ लावून बसला. त्याने सगळे सांगितले. मोहाचेही. ते त्याने तिलाही कधी सांगितले नव्हते.

ती बराच वेळ धाग्याची डबी उघडून मिटत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या आज्याचे बैल मेले. आज्या मेला. आता माणूस मराले पाहिजे होता काय?"

"साहेबानं उद्या बलावलं."

"मंग जा. आन पोटात हाय ते सांगून या. मले सांगून काय होते?"

अपघात-पत्रक

साहेबांनी ते आधीच भरून ठेवले होते. रामराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी खेमसिंगला बसायला स्टूल दिले, चहा मागवला, आणि मग बोटाने ओळीच्या शेवटी असलेली रिकामी जागा दाखवली. देवीलाल दाराशी उभा होता, आपल्या पायांकडे पाहत.

"इथे अंगठा कर, खेमसिंग."

"काय लिवलं हाय, साहेब?"

"जे झालं ते."

"वाचून दाखवा."

रामरावांनी चष्मा लावला. "अपघाताचे कारण: सदर कामगाराने तपासनीस गैरहजर असताना, परवानगीशिवाय, निकामी दोर वापरला."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचले. बाहेर ओंडक्यांवर नंबर मारणाऱ्या हातोड्याचा आवाज येत होता. ठक. ठक. मध्ये थांबून ठक.

"यानं मारोतीचं काय होईल?"

"स्वतःची चूक म्हटल्यावर त्याला ठेवता येणार नाही. तसंही आता तो झाडावर चढणार आहे का?" रामरावांनी आवाज खाली आणला. "हे पाहा, तुझी तीन वर्षं राहिली. देवीलालला मुलंबाळं आहेत. वरून चौकशी आली तर सगळ्यांना जड जाईल. वहीत तर स्पष्टच आहे, सगळे निकामी दोर कापले असं लिहिलंय. अकरा वेळा. तुझा अंगठा आहे."

"हव. माह्या हाय."

"मग हा दोर कुठून आला, ते मारोतीलाच माहीत."

खेमसिंगने अंगठ्याकडे पाहिले. त्यावर बारीक रेषांमध्ये शाई नव्हती, दोराचा राख-रंग होता, जो बावीस वर्षे धुऊन निघाला नव्हता.

"साहेब, दुसरा कागद घ्या. मी सांगतो तसं लिवा."

"खेमसिंग..."

"घ्या, साहेब."

कोरा कागद आला. प्रश्न छापलेले, उत्तरांच्या जागा लहान.

साधनाचे नाव: दोर. अंबाडीचा, तीन पेडी.

शेवटची तपासणी कोणी केली: मी.

तपासणीच्या वेळी साधनाची स्थिती: मेलेलं.

"मेलेलं असं नाही लिहिता येत."

"मंग काय लिवता?"

"निकामी."

"लिवा. पण मेलेलं होतं."

निकामी साधन नष्ट केले काय: नाई. एकही केलं नाई. अकरा दोर नाल्यापलीकडं मोहावर टांगलते, मी टांगलते. धागाही काढला नाई. वहीत मारोतीनं 'कापला' लिवलं, मी सांगतलं म्हणून लिवलं. त्याले मी खोटं सांगतलं. देवीलालनं धागा पाह्यला. मारोतीनं धागा इचारला. दोघायचंही काई चुकलं नाई. धागा खोटा होता.

उत्तर जागेत मावेना. रामरावांनी कागद आडवा धरून कडेने लिहिले.

"कारण लिहावं लागतं," ते म्हणाले. "का कापले नाहीत?"

लदेणी, आज्या, बैल, पैनगंगेचा उतार, ते गाणे ज्याचे शब्द ओळखू येत नव्हते. हे सगळे खेमसिंगच्या तोंडाशी आले, आणि तिथे आल्यावर त्याला ते फार लहान दिसले. समोरच्या ओट्यावर बसलेल्या बाळंतिणीपेक्षा लहान.

"कापवले नाई गेले माह्याकडून," तो म्हणाला. "एवढंच लिवा."

देवीलाल दारातून बाहेर गेला आणि बाहेर जाऊन नाक शिंकरू लागला.

खेमसिंगने अंगठा केला.

त्याच संध्याकाळपर्यंत कलम नऊचे काम संपवायचे होते. खेमसिंगने देवीलालकडून कोयता मागून घेतला.

"मी करतो न, दादा," देवीलाल म्हणाला. "तुम बैठो."

"नाई. हे माह्यं काम हाय. आजचा दिवस तं माह्यंच हाय."

एक तुटलेला, दहा झाडावर. कोयता जड नव्हता. पहिल्या दोरावर हात थांबला, तेवढेच. मग हात-हात लांबी मोजायची, ओंडक्यावर धरायचा आणि मारायचा. जुना दोर सहज तुटतो. आवाज येत नाही, नुसती धूळ उडते, आणि ही धूळ मात्र नाकात गेली. खेमसिंग खोकत राहिला. तुकड्यांचा ढीग पेटवला तेव्हा धूर आधी काळा, मग पांढरा निघाला आणि नाल्याच्या पात्रातून हळूहळू खाली गेला, जणू त्याला वाट माहीत होती. मोहाचे झाड रिकामे दिसले. साधे झाड.

(पुस्तिकेचे शेवटचे पान. त्यावर तेलाचा डाग आहे. कलम वाचता येत नाही.)

मारोतीची नोकरी राहिली. बसता येऊ लागले की ओंडक्यांचे नंबर वहीत उतरवायचे, असे ठरले. अक्षर चांगले म्हणून. खेमसिंगला काढले. त्याला कोणी वाईट बोलले नाही. पावसाळाभर तो दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेला, बायकांच्या रांगेत, मान खाली घालून.

दिवाळीच्या पुढे, सकाळची थंडी पडू लागली तेव्हा तो मारोतीच्या वस्तीत गेला. यवतमाळच्या दवाखान्यातून मारोतीला घरी आणून पंधरा दिवस झाले होते. रस्त्यात त्याने तीनदा वाट बदलली आणि तीनदा परत त्याच वाटेला लागला.

अंगणात मारोतीची बायको प्रभावती गोवऱ्या रचत होती. तिने वर पाहिले.

"मी खेमसिंग," तो म्हणाला.

"मालूम हाय. कायले आले?"

आतून मारोतीचा आवाज आला, "कोण हाय वं? खेमाभाऊ? येऊ दे न त्याईले."

"येऊ दे म्हणे," प्रभावती गोवरीला म्हणाली. "सहा वर्ष येऊ दे, येऊ देच केलं तुम्ही."

आत अंधार होता. मारोती खाटेवर उशांना टेकून होता. खांदे तसेच रुंद, पण त्यांच्याखाली चादर फार सपाट. मग मारोती म्हणाला, "नोकरी राह्यली. तुमच्यानं राह्यली म्हणतात."

"माह्याच्यानंच गेलती."

"हव." मारोतीने भिंतीकडे पाहिले. "तेच डोक्यात येते, खेमाभाऊ. पडलो त्याचं नाई येत. कामात माणूस पडते. पण ते 'कापला', 'कापला'. म्या माह्या हातानं लिवलं. नवं नवं शिकलतो, मले वाटे लिवलं म्हणजे झालं. लिवलेलं खोटं असते हे मले तुम्ही शिकवलं."

"हव," खेमसिंग म्हणाला.

प्रभावती दारात आली. तिने पदराला हात पुसले. "त्याईले उन्हात न्यायची येळ झाली. दोन माणसं लागतात. शेजारचे कापूस येचाले गेले."

तिने हे कोणाला सांगितले ते कळले नाही. मग ती खेमसिंगकडे पाहत उभी राहिली.

खेमसिंग खाटेशी पाठ करून खाली बसला. मारोतीने दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती टाकले. प्रभावतीने मागून पाय उचलून दिले. खेमसिंगने गुडघ्यांवर जोर दिला, एकदा मागे आला, पुन्हा जोर दिला आणि उठला. चौकटीत वाकून, आडवा होऊन, तो अंगणात आला. ऊन कोवळे होते. शेजारच्या दोन म्हाताऱ्या भिंतीवरून पाहू लागल्या.

"अडचण होते काय?" मारोतीने कानाशी विचारले.

"नाई."

प्रभावती गोधडी घेऊन आली. तिने ती उन्हात अंथरली. मग उचलली. खालची जागा केरसुणीने झाडली. दोन खडे सापडले, ते उचलून कुंपणापलीकडे टाकले. गोधडी परत अंथरली. एक कोपरा दुमडला होता, तो सरळ केला. मग दुसरा. मग आत जाऊन उशी घेऊन आली, ती झटकली, उलटी केली, पुन्हा झटकली. तिने घाई केली नाही.

खेमसिंगचे पाय थरथरू लागले होते. तो तसाच उभा राहिला.